जाड-बारीक मामा

नांदेडात वजिराबादच्या एका बोळात मामांचं दुकान आहे. एका अंगाला झेरॉक्स, दुसऱ्या अंगाला पानपट्टी, मधे मामा. सगळं गाव त्यांना मामा म्हणतं, कारण कॉम्प्युटरवर बसणारा सख्खा भाचा दिवसातून शंभरदा तशी हाक मारतो. 'जाड-बारीक' हे विशेषण मात्र त्यांनी स्वतः कमावलेलं आहे.

मामा मूळचे ब्रशवाले पेंटर. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, निजामाच्या काळात एका उर्दू कातिबाजवळ हात बसवला होता. नस्तालीकमध्ये कलम वळलं की रेघ केसाएवढी होते आणि पुढच्याच वळणावर तिला पोट सुटतं. आपल्या बोरूचीही तीच खोड, कारण त्याचं टोक तिरकं छाटलेलं. मामांचं अख्खं तत्त्वज्ञान एवढ्यातच आटोपतं. माणसंसुद्धा ते याच मापानं मोजतात. "पोरगा चांगलाय, पण सगळीकडून एकाच जाडीचा," हे त्यांनी भाचीसाठी आलेलं एक स्थळ नाकारताना काढलेले उद्गार. मुलाचं वजन त्यात कुठंच नव्हतं.

फ्लेक्स आले आणि ब्रश डब्यात वाळले. मामा काही वर्षं गप्पच होते. मग भाच्यानं एके दिवशी 'रोझा वन' नावाचा फॉन्ट उतरवून घेतला. इंडियन टाइप फाउंड्रीनं 2014 मध्ये काढलेला, फुकट मिळणारा. जाड भाग मुसळासारखे, बारीक रेघा सुईसारख्या. वजन एकच, आणि तो मोठ्या मथळ्यांसाठीच केलेला. मामांनी पडद्यावरचा 'क' पाहिला, चष्मा काढून पुसला, परत पाहिला. "हे तर आपले अण्णाच लिहूलालेत की बे!"

तेव्हापासून गिऱ्हाइकाची खैर नाही. आधी इतिहास ऐकावा लागतो, दर नंतर कळतो. मुंबईच्या निर्णयसागरात जावजी दादाजींसाठी राणोजी रावजी आरूंनी पोलादावर अक्षरं कशी कोरली, तिथून सुरुवात. मराठी नाटकांची नावं रेखणाऱ्या कमल शेडग्यांचं नाव आलं की मामा कानाच्या पाळीला हात लावतात, गवयानं उस्तादाचं नाव घेताना लावावा तसा. मग पार्मा गावचा बोदोनी. अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत त्यानं असलेच जाड-बारीक खिळे पाडले, हे भाच्यानं मोबाइलवरून वाचून दाखवलेलं. मुखेडचा एक बियाणंवाला हे सगळं अर्धा तास ऐकून म्हणाला, "धर्माबादला आमचे एक बोधनकर पाहुणे आहेत. त्यांच्यातलाच का हा?"

मामा "हो" म्हणाले. ऑर्डर जायला नको.

लातूरची स्वारी मी डोळ्यांनी पाहिली. एका क्लासवाल्याला वीस बाय दहाचा फ्लेक्स हवा होता. त्यावर 64 गुणवंतांचे फोटो, प्रत्येकाखाली 720 पैकी मार्क, कोपऱ्यात सरांचा हात उंचावलेला फोटो, आणि उरलेल्या जागेत क्लासचं नाव. मामा म्हणाले, "अक्षराला श्वास घ्यायला जागा लागते. पोरं कमी करा."

"किती?"

"सगळीच."

"मग राहिलं काय?"

"अक्षर."

ऑर्डर अर्थातच गेली. परतताना मामा गंजगोलाईत थांबले. मधे गोल इमारत, तिथून फुटलेले 16 रस्ते. भर बाजारात कमरेवर हात ठेवून ते बराच वेळ बघत राहिले. "बघ," ते म्हणाले, "हे बांधणाऱ्याला कळत होतं. मधे जाड, बाहेर बारीक." मागून हमालानं हातगाडी घातली तेव्हा कुठं हलले.

घोटाळा होतो तो मामांच्या हावेमुळं. दोन फुटांच्या पाटीवर जी रेघ सुईसारखी चमकते, तीच पत्रिकेत मुंगीएवढी केली की शाईत बुडून मरते. हे त्यांना कळतं, पटत नाही. एका गुरुजींच्या षष्ठ्यब्दीची पत्रिका त्यांनी मजकुरासकट रोझात बसवली. मूळ प्रत बरी होती. पुढं झेरॉक्सची झेरॉक्स निघत गेली, तशी 'ष'च्या पोटातली तिरकी रेघ उडाली. गावात पोचली तेव्हा पत्रिकेवर 'पप्ठ्यब्दी' होतं. मंडपात दोन म्हाताऱ्या बाळंतविडा घेऊन हजर! कुण्या पप्पूचं बारसं आहे, असं त्यांना वाचून दाखवण्यात आलं होतं. गुरुजींनी टोपडं ठेवून घेतलं म्हणतात.

मामांचा खुलासा तयार होता. "रेघ होती तिथंच होती. लोकायच्या डोळ्याला कामून दिसली नाही, ते मी काय सांगू?"

गेल्या महिन्यात मीच त्यांच्याकडं गेलो. गावाकडचं घर विकायचं होतं, चार ओळींची जाहिरात करून घ्यायची होती. मी मनातल्या मनात 'घर'चं 'धर' होणार, हे धरून चाललो होतो. मामांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. आज इतिहास नाही, बोदोनी नाही. भाच्याला म्हणाले, "साधा लाव रे. घर विकायला निघालेल्या माणसाला नटवू नये."

साधा लागला. एक काना इकडचा तिकडं नाही. मी तीनशे रुपये दिले, मामांनी छापील पुस्तकातली पावती फाडून हातात ठेवली. पावतीपुस्तक दुकानाचं, त्यामुळं तिथं मामांना कुणी अडवलेलं नव्हतं. 'ख'च्या तळाची जोडरेघ शाईनं गिळली होती. जाडजूड, देखण्या अक्षरांत लिहिलं होतं : 'रोरव मिळाले.'