आपन त पार्टी आहो!

जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर, लोणी ते माना, एका पदराचा 75 किलोमीटर डांबरी रस्ता 105 तास 33 मिनिटांत टाकून झाला आणि गिनीज बुकात गेला. रस्त्याकडेच्या जमिनींचे भाव त्याहून जोरात धावले, त्यांची नोंद मात्र कोणी घेतली नाही. अमरावतीच्या राजकमल चौकात चहा पिणारा जो तो ले-आऊटचा जाणकार झाला होता. मी व्याकरणाचा मास्तर, मीही झालो.

आमचे भाऊ भेटले ते या दिवसांत. पांढरं शर्ट, काखेत नकाशाची गुंडाळी. मूर्तिजापूरच्या अलीकडं, रोडटच प्लॉट. तुरीच्या उभ्या पिकात त्यांनी मला 'तीस फुटी रोड' दाखवला आणि मला तो दिसला! मी तिथंच इसार दिला. सातबारा मागावासा वाटला होता. पण इतक्या आपुलकीच्या माणसाला कागद मागणं बरं दिसेना.

पुढं खरेदीची तारीख सरकत गेली, तेव्हा मी वकिलाकडं गेलो. सातबाऱ्यावर भाऊ नव्हतेच. शेत एका शेतकऱ्याचं. भाऊंनी त्याला इसार देऊन ठोकात सौदा केला होता आणि वरच्यावर तुकड्यांनी विकत होते. शेतकऱ्याचा भाव आणि माझा भाव यांच्यामधल्या फरकात सगळ्या ले-आऊटला मिळून एक बंगला उठला असता. वकीलसाहेबांनी 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा काढला : कलम 54, नुसत्या विक्रीच्या करारानं जमिनीत हक्क येत नाही. कलम 55, जमिनीतला किंवा मालकीतला दोष माहीत असून दिसण्याजोगा नसेल, तर विकणाऱ्यानं तो सांगायला हवा. वर विदर्भाचा 1958 चा कूळकायदा : शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आणि ले-आऊट एन.ए. नव्हतं. म्हणजे भाऊंना विकता येत नव्हतं आणि मला घेता येत नव्हतं. असा काटेकोर समतोल व्याकरणातही क्वचितच सापडतो.

मी तडक भाऊंना गाठलं. महारेराचा एजंट नंबर विचारला. 2023 पासून एजंटांना परीक्षाही द्यावी लागते, हेही सुनावलं.

"एजंट? मी काहून एजंट जी? एजंट दलाली घेते. आपन त पार्टी आहो!"

"पण जमीन तुमची नाही, हे सांगायला नको?"

"तुमी इचारलं कुठी?"

हा मुद्दा अडचणीचा होता. मी नीतीवर बोलू लागलो; भाऊंनी शांतपणे पान लावून घेतलं. मग म्हणाले, "कायले डोकं लावता, मास्तर? तुमीबी फिरवून टाका नं. चार पैसे तुमालेही सुटतीन."

आता प्रांजळपणे लिहितो : त्या वाक्यानंतर नीती जरा मागच्या बाकावर जाऊन बसली. परतीच्या एसटीत मी फरकाचा हिशेब केला, तो बडनेरा येईस्तोवर दोनदा वाढला. अकोल्याचे साडभाऊ गोरक्षण रोडवरचं भाड्याचं घर सोडून कुठंतरी जागा बघतच होते. घरचाच माणूस, घरातच राहील फायदा. कोणाच्या घरात, हे मी स्वतःलाही नीट सांगितलं नाही.

रविवारी ते आले. मी नकाशा पसरला, तीस फुटी रोडवरून बोट फिरवलं.

"सातबारा कोणाच्या नावानं आहे?" त्यांनी विचारलं. माणूस सहकारी बँकेत कर्जखात्यात नोकरीला; मी हे विसरलोच होतो.

"नावाचं काय घेऊन बसले, भाऊ?" हे मीच बोललो. आवाजसुद्धा पानाचा आला.

साडभाऊ नकाशा गुंडाळत म्हणाले, "मोठी जोखीम घेतली तुम्ही. तरीच परवा फोनवर विचारत होते, मुदतीआधी एफडी मोडली तर व्याज किती कापतात म्हणून."

आतून भांड्यांचा आवाज थांबला. बायको पदराला हात पुसत दारात आली.

"कोणती एफडी?"