उघडून बघू

गणपतीच्या आरतीत माइक बंद पडला की आमच्या मंडळात दोन शांतता पसरतात. पहिली माइक बंद पडल्याची. दुसरी, तिसऱ्या रांगेतून खटपट्या उठल्याची. किल्ल्यांच्या जुडग्याला लटकवलेला चिमुकला स्क्रूड्रायव्हर काढत तो पुढे येतो, माइक कानाशी धरून खुळखुळवतो, डॉक्टर जीभ बघतात तसा त्याच्या जाळीत डोकावतो आणि म्हणतो, "उघडून बघू." मंडळी मंत्रपुष्पांजलीपर्यंत पोचतात तोवर माइकचे सात भाग सतरंजीवर मांडलेले असतात. गेल्या वर्षी एका आठ वर्षांच्या मुलीनं मागून सांगितलं, "काका, त्याची बॅटरी संपलीय." खटपट्यानं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू एवढ्या लहान वयात माणसाची जिज्ञासा मेलेली त्याला बघवत नव्हती.

खटपट्या हे पाळण्यातलं नाव नव्हे. पाळण्यातलं सांगून उपयोगही नाही, कारण हा प्राणी प्रत्येक मंडळात एक असतोच आणि नाव बदललं तरी खिशातला स्क्रूड्रायव्हर बदलत नाही. आमचा डेट्रॉईटजवळ नोव्हाय गावात राहतो. मोटारींच्या धंद्यात इंजिनीअर. बालपण पुण्यात सदाशिव पेठेत, आणि जवानी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, म्हणजे रेझिस्टर आणि ट्रान्झिस्टर पसाभर मोजून देणाऱ्या दुकानांच्या फळ्यांवर रेलून गेलेली. २०१५ साली रेडिओशॅकनं दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा त्याच्या घरी सुतकच होतं. "आता चार आण्यांचा डायोड आणायला माणसानं जायचं कुठं?" हे तो आजही विचारतो. चार आणे बंद झाल्याचं त्याला कोणी सांगितलेलं नाही.

त्याच्या गराजबद्दल आधी सांगायला हवं. पुण्यात आपण 'गॅरेज' म्हणतो ती गाडी बिघडल्यावर न्यायची तेलकट जागा. अमेरिकेत 'गराज' म्हणजे धडधाकट गाडी रात्री झोपते ती खोली. खटपट्यानं या दोन संस्कृतींचा संगम केला आहे. त्याच्या दोन गाड्यांच्या गराजमध्ये एकही गाडी मावत नाही. वहिनींची गाडी जानेवारीतही बाहेर बर्फात, आणि आत भिंतभर दह्याचे आणि आइस्क्रीमचे रिकामे डबे. त्यांत स्क्रू, वॉशर, तुटलेल्या पंख्यांची कॉइल, कुठल्याशा जुन्या प्रिंटरची पोटातली चाकं. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. एका मोठ्या डब्यावरच्या चिठ्ठीत फक्त 'लागेल' एवढंच लिहिलेलं आहे.

या खोलीत एक रॉयल एनफिल्ड क्लासिक पाचशे आली आणि प्रकरणाला सुरुवात झाली. पुण्यात बुलेट घेणं जमलं नव्हतं. घरात वडिलांची चेतक होती, ती थंडीत किक मारण्याआधी एका अंगावर कलती करावी लागे, आणि कलती करणं हे थोरल्या मुलाचं काम. त्या चेतकचा सूड त्यानं पन्नाशी उलटल्यावर मिशिगनमध्ये घेतला. एकाच सिलिंडरची, जवळजवळ १९० किलोची ती सेकंडहँड बुलेट कोपऱ्यावर आली की अख्ख्या गल्लीला कळतं. शेजारचे गोरे आजोबा तिला 'ट्रॅक्टर' म्हणतात. हा त्यांना दर वेळी 'थँक्यू' म्हणतो.

आता अडचण समजून घ्या, कारण अडचण खरी होती. मोटारवाल्याचं सोपं असतं. रिमोट डोळ्यांसमोरच्या झडपेला अडकवलेला, नाहीतर आरशातच बटण. घर आलं की दाबलं, दार वर. मोटारसायकलवाल्यानं काय करावं? हातात मोजे, रिमोट जीन्सच्या खिशात, खाली उतरता ड्राइव्हवे. एका ऑक्टोबरात खटपट्यानं डावा मोजा दातांत धरून, अर्धवट उभं राहून खिशात हात घातला. पाय ओल्या पानांवर सरकला आणि बुलेट अगदी सावकाश, एखाद्या जाड्या मावशीनं सोफ्यावर बसावं तशी, टपालपेटीवर बसली. पेटी वाकली. बुलेटला काही झालं नाही. खटपट्याला मात्र साक्षात्कार झाला.

वहिनींनी तिथल्या तिथे तीन उपाय सांगितले. किल्लीला लावायचा छोटा रिमोट मिळतो, तो हँडलला केबल टायनं बांध. दाराबाहेर आकड्यांची पाटी आहे, उतर, चार आकडे दाब. आणि हेडलाइटच्या हाय बीमला जोडायचं तयार यंत्र मिळतं, दिवा दोनदा लुकलुकवला की दार उघडतं, तेही मोटारसायकलवाल्यांसाठीच केलेलं, ते मागव. तिसरा उपाय ऐकून तो थोडा वेळ गप्प बसला. कल्पना त्याला आवडली होती, फक्त ती आधीच कोणीतरी विकायला काढली होती. शेवटी म्हणाला, "विकत घेऊन काय कळणार?"

या जातीच्या माणसाचं मर्म या एका वाक्यात आहे. आपल्याला वाटतं त्याला दार उघडायचंय. त्याला रिमोट उघडायचा असतो. दार उघडलं तर उघडलं.

पहिली आवृत्ती चार सेकंद चालली. रिमोटमध्ये नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२. ("म्हणजे व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. नावातच माप आहे, बघितलंस?" हे मी आजवर सहा वेळा बघितलंय.) तो तीन व्होल्टचा. बुलेटची बॅटरी बाराची, आणि इंजिन चालू असलं की चौदाच्या आसपास. मध्ये व्होल्टेज कमी करणारा भाग 'लागेल'च्या डब्यात सापडेना, तेव्हा "घटकाभर चालेल" म्हणून त्यानं थेट जोडणी केली. घटका भरायच्या आत रिमोटमधून धुराची एक नाजूक रेघ निघाली. मी तिथंच होतो. "वास ओळखीचा आहे," तो समाधानानं म्हणाला. "तपकीर गल्लीचा."

दुसऱ्या आवृत्तीत रेग्युलेटर आला आणि रिले आला. हाय बीमच्या वायरीतून वीज आली की रिले खटकन लागायचा आणि रिमोटचं बटण आपोआप दाबलं जायचं. सुंदर. फक्त रिमोट बसवला होता पेट्रोलच्या टाकीखाली, आणि लोखंडी टाकीखालून रेडिओची लहर बाहेर पडायला नाखूश असते. पन्नास फुटांवरून उघडणारं दार आता चार फुटांवरून उघडू लागलं. चार फुटांवरून तर ते हातानंही उघडतं. मग रिमोट सीटखाली गेला, तिथून बाजूच्या पेटीत, तिथून हेडलाइटच्या मागे. दर मुक्कामाला बुलेटचा एकेक अवयव उतरत होता. वहिनी एरवी त्याला अरे-तुरे करतात. त्या आठवड्यात त्या 'अहो' म्हणू लागल्या. त्या घरात 'अहो' आलं की पाहुण्यानं चहा न घेता निघावं.

मी निघू शकलो नाही, कारण मला इतिहास ऐकायचा होता. म्हणजे त्याला सांगायचा होता. वर उचलायचं दार सी. जी. जॉन्सन नावाच्या माणसानं १९२१ साली काढलं आणि १९२६ साली त्याला विजेची मोटर जोडली. मग रेडिओचे रिमोट आले, पण सुरुवातीचे सगळे एकाच सुरात बोलायचे, त्यामुळे नवऱ्यानं बटण दाबलं की शेजाऱ्याचं दार उघडायचं. मग आत बारीक बटणांची रांग आली. बारा बटणं असली तर ४,०९६ जुळण्या. चोरांनी तोही संकेत हवेतून पकडायला सुरुवात केली, तेव्हा नव्वदीच्या दशकात फिरता संकेत आला. दर वेळी बटण दाबलं की नवा आकडा. "म्हणजे कुलूप तेच, पण किल्ली रोज नवी," खटपट्या म्हणाला, आणि मग आवाज खाली आणून, "आणि एक गंमत सांगू? एवढं जड दार मोटर उचलतच नाही. वर ती पिळाची स्प्रिंग आहे ना, सगळा भार तिच्यावर. मोटर नुसती श्रेय घेते."

आतून वहिनींनी भांडं जरा जोरात ठेवलं.

तिसरी आवृत्ती मात्र नामी होती. एका लुकलुकीत चुकून दार उघडू नये म्हणून त्यानं छोटा प्रोसेसर बसवला. हाय बीम पाठोपाठ दोनदा लागला तरच संकेत जाईल. कागदावर यात दोष नव्हता. दोष पुण्यात होता. अमेरिकन माणूस वर्षातून दोनदा हाय बीम चमकवतो, तेही समोर हरीण आलं तर. पुण्यात वाढलेला माणूस वळणावर डिपर मारतो, समोरून कोणी आलं तर मारतो, न आलं तरीही, यायची शक्यता म्हणून मारतो. आणि नेहमी दोनदा. खटपट्याचं घर कोपऱ्यापासून दुसरं. कोपऱ्यावर त्याचा अंगठा त्याला न विचारता डिपर मारायचा, गराजचं दार वर जायला लागायचं. ड्राइव्हवेला लागताना तो मुद्दाम, शास्त्रोक्त, दोनदा दिवा चमकवायचा. चालत्या दाराला दुसरा संकेत मिळाला की ते थांबतं. तिसरा मिळाला की उलट फिरतं. त्यामुळे दिवसभर राबून आलेला हा माणूस स्वतःच्याच घरासमोर अर्ध्यावर लटकलेल्या दाराकडे बघत बसायचा आणि बोटांवर मोजायचा. सम की विषम? एकदा फिरून गल्लीतून नुसता पुढे निघून गेला, डिपर मारून. रात्रभर दार उघडं राहिलं आणि सकाळी आत एक रॅकून 'लागेल'च्या डब्यावर बसलेला सापडला. त्याला बहुतेक लागलं असावं.

त्यातून आली गणपतीची जेवणं. इथल्या मराठी घरात पाहुणे पुढच्या दारानं येत नाहीत, गराजमधून येतात आणि चपला तिथंच काढतात. तीसेक माणसांच्या चपला. दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून जेमतेम सहा इंचांवर एकमेकांकडे टक लावून बघणारे दोन डोळे असतात. त्यांच्यामध्ये काहीही आलं की खाली येणारं दार परत वर जातं. कोणी पोर दाराखाली चेंगरू नये म्हणून १९९३ पासून अमेरिकेत अशी सोय कायद्यानंच आली, आणि चांगलीच आहे. पण कुणाची तरी कोल्हापुरी त्या नजरेच्या आड उभी राहिली आणि दार बंद होईना. खटपट्यानं सर्किटवर संशय घेतला. मग रेग्युलेटरवर. मग गराजमधल्या एलईडी बल्बवर, कारण ते बल्ब रेडिओत खरखर घालतात. (घालतात, हे खरं आहे.) मोदक निवत होते आणि यजमान बुलेटचा हेडलाइट मांडीवर घेऊन चपलांच्या ढिगात बसले होते. शेवटी चप्पलवाल्या काकू घरी जायला निघाल्या, त्यांनी चप्पल पायात घातली आणि दार बंद झालं. "झालं!" खटपट्या ओरडला. नुकतीच त्यानं एक वायर हलवली होती.

या सगळ्याला आता वर्ष उलटून गेलं. गेल्या आठवड्यात संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो होतो. हा बुलेटवर फेरी मारायला गेला होता. वहिनी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होत्या. ओट्यावर, मोहरीच्या वाटीशेजारी, त्यांच्या गाडीतला गराजचा रिमोट.

"हा इथे कसा?"

वहिनी लाटणं न थांबवता म्हणाल्या, "सर्किट जुलैतच गेलं, भावजी. ती गाडी किती हादरते बघता ना? कुठलंसं डाख निघालं असणार. त्या दिवशी आठ माणसं जेवायला यायची होती आणि हा बाहेर सारखा दिवे चमकवतोय. म्हटलं, आता कळलं तर ड्राइव्हवेतच सगळी गाडी सोडून बसेल. दाबलं बटण. तेव्हापासून जाताना, येताना, मीच."

"त्याला सांगितलं नाहीत?"

लांब कोपऱ्यावर ट्रॅक्टर वाजला. समोरच्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर हेडलाइटचा उजेड दोनदा लुकलुकला. वहिनींनी पिठाच्या हाताचं एक बोट पुसलं आणि रिमोट दाबला. खाली घरघर करत दार वर गेलं.

"खबरदार सांगाल तर," त्या म्हणाल्या. "पुन्हा उघडून बघेल."

हेल्मेट काखेत मारून खटपट्या आत आला. गाल थंडीनं लाल झाले होते.

"बघितलंस?" तो मला म्हणाला. "पहिल्या झटक्यात!"