त्याला तास कसा काय जास्त?

दहावीचा निकाल लागला की आमच्या सोसायटीतले न्यायमूर्ती जागे होतात. वर्षभर पार्किंगच्या पट्ट्यावरून एकमेकांची तोंडं न बघणारी माणसं त्या दुपारी एकजुटीने गुणवत्तेच्या बाजूला उभी राहतात. यंदा खटला बी विंगमधल्या मुलावर होता. पोराला 84 टक्के पडले. आईने पेढे वाटले. लोकांनी पेढे खाल्ले, हात झटकले आणि म्हणाले, "हो, पण त्याला तास जास्त होता ना!"

शिवाय रायटर. म्हणजे बोर्डाच्या भाषेत लेखनिक. पोराला डिस्लेक्सिया आहे, लिहिताना अक्षरं जागा बदलतात, हे सगळ्यांना पहिलीपासून माहीत. तेव्हा हीच मंडळी त्याच्या आईला "लक्ष देत नाही तुम्ही" म्हणून सुनावत होती. आता लक्ष दिलं, तर जास्त दिलं.

तळमजल्यावरच्या काकांनी तर थेट आयसीसी काढली. "2011 पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये रनरसुद्धा बंद केला. पाय आखडला? बस तंबूत! नियम म्हणजे नियम." काकांचा मुद्दा ऐकायला झकास आहे. फक्त एक भानगड आहे. क्रिकेटमध्ये पळणं हा खेळच आहे, धाव पळूनच काढतात. भूगोलाच्या पेपरात नेमकं काय मोजायचंय? मान्सून कसा येतो हे पोराला कळलंय का, की तो 'मान्सून' किती झपाट्याने लिहितो? झपाटाच मोजायचा असेल तर त्याची स्वतंत्र सोय सरकारने केलेली आहे. टंकलेखनाची परीक्षा असते, मिनिटाला 30 शब्द, 40 शब्द. तिथे कोणी मान्सून विचारत नाही.

पण काका म्हणतात सवलतींचा हिशोब व्हायलाच हवा. होऊ दे. मग सगळ्यांच्याच सवलती काढू.

तोंडी परीक्षेच्या वीस गुणांपासून सुरुवात करू. शाळेने द्यायचे, शाळेच्या हातात, आणि शाळेचा हात किती सैल असतो हे महाराष्ट्राला पाठ आहे. 2019 मध्ये सरकारला अवदसा आठवली. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे हे अंतर्गत गुण काढून टाकले. आदल्या वर्षी 89.41 टक्के लागलेला राज्याचा निकाल धाडकन 77.10 वर आला. काय हलकल्लोळ! आमच्या मुलांवर अन्याय, सीबीएसईची मुलं अकरावीच्या जागा पळवणार, मंत्री कुठे आहेत? वीस गुण सन्मानाने परत आले. 2020 चा निकाल 95.30 टक्के. त्या वर्षी कोरोनामुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही, त्याचे गुण सरासरीने दिले, हेही आहेच. एका वर्षात पोरं एवढी हुशार कशी झाली, असं तेव्हा कोणी विचारलं नाही. काका तर नाहीच नाही, त्यांची नात त्याच बॅचची.

मग 'बेस्ट ऑफ फाइव्ह'. सहा विषयांची परीक्षा द्यायची आणि टक्केवारी मात्र जे बरे गेले त्या पाचांची. 2010 मध्ये हे आलं ते आयसीएसईची मुलं टक्केवारीत पुढे जातात म्हणून. उच्च न्यायालयाने रद्द केलं, भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि तिथे योजना तगली. ज्या विषयात पोरगं आपटतं तो विषय हिशोबातूनच गायब करायची ही सोय लाखोंना आहे. तिला कोणी सवलत म्हणत नाही. तिला पद्धत म्हणतात.

त्यात चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे गुण मिसळा. खेळाचे मिसळा. लोककलेचे मिसळा. 2025 मध्ये राज्यात 211 मुलांना शंभर टक्के मिळाले. मुलं हुशार आहेत, पेढे त्यांचेही खाल्ले. पण शंभराला शंभर हा आकडा निव्वळ तीन तासांच्या लिखाणातून येतो असं समजणाऱ्याने एकदा गुणपत्रिका उलगडून बघावी.

आणि ती दहा मिनिटं! पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी हातात मिळायची, शांतपणे वाचायला. त्या दहा मिनिटांत तिचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरायला लागले, म्हणून 2023 मध्ये ती प्रथा बंद झाली. आणि पालकांची कुरकुर नको म्हणून तीच दहा मिनिटं शेवटी जोडली. तेव्हापासून अकराचा पेपर दोन वाजता संपत नाही, दोन दहाला संपतो. राज्यातल्या प्रत्येक पोराला वेळ जास्त आहे, काका. फक्त सगळ्यांनाच आहे म्हणून तो दिसत नाही.

कोरोनाचं तर विचारूच नका. 2022 मध्ये मोठ्या पेपरला अर्धा तास जास्त, छोट्याला पंधरा मिनिटं, अभ्यासक्रम पाव कापलेला. कारण काय, तर मुलांची लिहायची सवय मोडली होती. वा! लिहायची सवय मोडली तर राज्यभराला अर्धा तास, आणि ज्याचा हात जन्मापासून अक्षरांशी झगडतोय त्याला तास मिळाला की गुणवत्ता धोक्यात! त्याच्या आदल्या वर्षी तर लेखी परीक्षाच नव्हती. निकाल 99.95 टक्के. शंभर टक्केवाले 957. बसायचंच नाही, याहून मोठी सवलत कुठल्या कायद्यात आहे ते मला दाखवा.

आता त्या बदनाम तासाकडे. केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनी ठरवलं की दिव्यांग विद्यार्थ्याला ताशी किमान वीस मिनिटं भरपाईची. तीन तासांना एक तास. कागदावर झाला साठ मिनिटांचा तास. केंद्रावर त्याचं काय होतं ते जवळून बघण्यासारखं असतं.

वर्ग वेगळा पाहिजे, म्हणून एका केंद्रावर अशा मुलाला प्रयोगशाळेत बसवलेलं. उंच टेबल, स्टूल बिनपाठीचं, काचेच्या बरणीत एक बेडूक. शेजारी लेखनिक. लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणजे नववीचा. त्याची स्वतःची परीक्षा तोंडावर, तरी आईच्या मैत्रिणीच्या भिडेखातर आलेला. दहावीचं पोरगं सांगतंय, "वनांचा ऱ्हास झाल्यामुळे…" लेखनिक थांबला. 'ऱ्हास' कसा लिहायचा? त्याने पर्यवेक्षकांकडे पाहिलं. पर्यवेक्षक म्हणाले, "बोलायचं नाही." ज्याला उत्तर येतं त्याला लिहिता येत नाही, ज्याला लिहिता येतं त्याला तो शब्द येत नाही, आणि ज्यांना दोन्ही येतं ते नियमाने गप्प. शेवटी तिथे 'नाश' झाला. वनांचा आणि दोन मिनिटांचाही.

भूमितीला तर याहून मजा. "वर्तुळाला बाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढ" असं तोंडी सांगून दुसऱ्याच्या हातातला कंपास हलवायचा. काकांनी एकदा काकूंना चहा सांगताना साखर नेमकी किती ते शब्दांत सांगून बघावं, मग स्पर्शिकेकडे वळावं.

मोठ्या पेपराला दोन दहाला शेवटचा टोल पडतो. बाकीचं केंद्र रिकामं होतं. शिपाई बाकं ओढायला लागतो. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधून परिरक्षकाकडे पोचवायचे असतात आणि या एका पोराच्या उत्तरपत्रिकेसाठी गठ्ठा अडलेला. पर्यवेक्षकांची एसटी अडीचची. ते उघड काही म्हणत नाहीत, सज्जन माणूस. नुसतं दर पाच-सात मिनिटांनी दाराशी येऊन विचारतात, "किती राहिलं रे?" केंद्रसंचालक डोकावतात, "झालं का?" लेखनिकाची आई फाटकाशी उभी. असा तो तास. त्यातली किती मिनिटं पोराच्या वाट्याला येतात आणि किती "होतंच आलंय सर" म्हणण्यात जातात, याचा हिशोब कोणी मांडत नाही.

हा तास नुसता हिरावूनही घेता येतो. 2021 च्या 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेला मुंबईच्या एका केंद्रावर डिस्ग्राफिया, म्हणजे लिहिण्यातली अक्षमता, असलेल्या मुलीला तो दिलाच नाही, पेपर वेळेत काढून घेतला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालय म्हणाले, तिचा हक्क डावलला गेला. आणि हेही म्हणाले की फेरपरीक्षा घेता येणार नाही, काय भरपाई करता येते ते परीक्षा घेणाऱ्या संस्थेने बघावं. म्हणजे अन्याय सिद्ध झाला, तास गेला तो गेलाच. त्याच वर्षी फेब्रुवारीत याच न्यायालयाने यूपीएससीला झापलं होतं. लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला 'तुझं अपंगत्व टक्क्यांत बसत नाही' म्हणून लेखनिक नाकारला होता. देशातल्या सगळ्यात हुशार माणसांची परीक्षा घेणाऱ्यांना जे दिल्लीत समजावून सांगावं लागलं, ते आमच्या तळमजल्यावर पोचायला वेळ लागेल, हे मान्य आहे.

खोट्या प्रमाणपत्रांचं काय? हा काकांचा हुकमी पत्ता. पत्ता खोटा नाही. 2024 मध्ये एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्रावरून महाराष्ट्रात केवढं रणकंदन झालं! नववीच्या दिवाळीत अचानक एलडी, म्हणजे अध्ययन अक्षमता, आठवणारे पालकही असतात, क्लासवाल्यांच्या सल्ल्याने फायली तयार करणारेही असतात. धरा त्यांना, चौकशी लावा, प्रमाणपत्र देणाऱ्यालाही सोडू नका. पण नववीत धावाधाव करणाऱ्या सगळ्यांना लबाड ठरवण्याआधी एवढं विचारा की पहिली ते आठवी शाळा त्या पोराबद्दल काय सांगत होती. बहुतेक वेळा एकच, "हुशार आहे, पण आळशी आहे." आठ वर्षं आळस म्हणून खपवलेली गोष्ट नववीत कागदावर आली, तर उशीर पोराने केला का?

'तारे जमीं पर' 2007 मध्ये आला तेव्हा अख्ख्या थिएटरने रुमाल भिजवले. त्या रडणाऱ्यांत आमचे काका होते, काकूंनीच सांगितलं. पडद्यावरच्या ईशानचं चित्र पहिलं आलं तर टाळ्या, बी विंगमधल्या पोराला 84 टक्के आले तर माहितीचा अधिकार.

आणि सवलतीची किंमतही असते, ती कोणी वाचत नाही. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला बीजगणित-भूमिती सोडून सातवीच्या पातळीचं अंकगणित आणि कार्यानुभव घेता येतो. घेतला की पास होणं सोपं. आणि अकरावीला सायन्सचं दार पोराच्या तोंडावर बंद. काकांना ही सवलत फार गोड वाटत असेल तर त्यांच्या धाकट्या नातवासाठी अर्ज करून बघावा. तो यंदा आठवीत आहे आणि आयआयटी फाउंडेशनला जातो.

माझं स्वतःचं मत विचाराल तर सगळ्यांनाच चार तास द्या. ज्याला येत नाही तो चौथ्या तासातही पंख्याकडेच बघणार आहे. तीन तासांतही निम्मा वर्ग दीड वाजल्यापासून पुरवणीच्या दोऱ्याशी खेळत असतो, पर्यवेक्षणाला बसलेल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा. बोर्ड हे करणार नाही. पेपर तपासायला माणसं मिळताना मारामार, त्यात पर्यवेक्षणाचा भत्ता कोण वाढवणार?

पण काकांचं एक म्हणणं मला पटतं. यात अन्याय आहे. फक्त तो बी विंगमध्ये नाही.

महाराष्ट्राने अध्ययन अक्षम मुलांना परीक्षेत सवलती दिल्या 1996 मध्ये, देशाच्या कायद्याच्या वीस वर्षं आधी. केंद्राच्या कायद्यात ही अक्षमता आली 2016 साली. अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. पण तपासणार कोण आणि कुठे? सुरुवातीला मुंबईत, सायनसारख्या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात. तपासायचं कशावर? बरीचशी इंग्रजी माध्यमाच्या मुलांसाठीच्या चाचण्यांवर. मराठीतून वाचनदोष तपासणारी 'डाली' ही चाचणी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने आणेपर्यंत 2015 उजाडलं होतं. मधल्या काळात झेडपीच्या शाळेतल्या मुलांना डिस्लेक्सिया होत नव्हता की काय? होत होता. त्याला तिथे 'ढ' म्हणत आणि सातवीनंतर पोरगं गुरांमागे किंवा गॅरेजमध्ये जाई.

आजही फार वेगळं नाही. बालरोगतज्ज्ञाने बघायचं, डोळे-कान तपासायचे, मानसतज्ज्ञाने बुद्ध्यांक काढायचा, विशेष शिक्षकाने वाचून-लिहून घ्यायचं. मुंबई-पुण्यात पैसे टाकले की हे एका छपराखाली होतं. तालुक्याच्या बापाला जिल्ह्याचं सिव्हिल गाठावं लागतं. दिव्यांग बोर्ड आठवड्यातून ठरावीक वारी बसतं. तो एक मजुरीचा दिवस, दोघांचं एसटीचं तिकीट. खिडकीवर कळतं की मानसतज्ज्ञाचं पद रिकामं आहे, पुण्याला जा. बाप पुण्याला जात नाही. पोरगं फेब्रुवारीत तीन तास दहा मिनिटांतच बसतं, सगळ्यांच्या बरोबरीने, एक मिनिटही जास्त न घेता.

काकांना परीक्षेतल्या न्यायाची एवढी चाड आहे, तर पुढच्या आठवड्यात मी त्यांना त्या सिव्हिल रुग्णालयात घेऊन जातो. केसपेपरची खिडकी नऊला उघडते. रांग सातपासून लागते, आणि ज्येष्ठ नागरिकांना तिथे वेगळी रांग आहे. सवलत म्हणून.