घरगुती फिटर

घरगुती फिटर हे कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीचे जोडउत्पादन आहे. तीसेक वर्षे लेथसमोर उभा राहून तो निवृत्त होतो. कारखाना सुटतो, वर्नियर सुटत नाही. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून १९९८ साली एक महापालिका झाली. त्याच्या दृष्टीने तेव्हापासून एकच गोष्ट बदलली: पूर्वी न्हाणीत बादली होती, आता शॉवर आहे आणि तो तुंबतो.

तुंबण्याचे मूळ पाण्यात असते. बोअरचे पाणी जड. त्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट गिझरमध्ये तापले, की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारे कार्बोनेट मागे उरते. अंघोळीनंतर जाळीच्या भोकांत अडकलेले थेंब वाळूनही तोच पांढरा थर बसतो. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आयएस १०५००, लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंतची कठीणता योग्य मानते आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेते. शॉवर चालवून घेत नाही. आधी धारा तिरक्या होतात, मग मोजक्या उरतात आणि त्यातली सर्वांत जोरकस धार दारावर वाळत टाकलेल्या टॉवेलवर पडते.

“प्लंबरला बोलवा की,” असे घरातून सुचवले जाते. ही सूचना तो अपमान म्हणून नोंदवून घेतो. “चार सुती काम हाय हे. ह्याला प्लंबर?” चार सूत म्हणजे अर्धा इंच. शॉवरचे आटे तेवढ्याच मापाचे असतात, हे ठाऊक असूनही तो वर्नियर लावून बघतो.

पहिला उपाय सुईचा. त्याने भोके मोकळी होतात, काही नको तेवढी मोठी होतात. दुसरा उपाय व्हिनेगरचा: प्लास्टिकच्या पिशवीत व्हिनेगर घालून ती शॉवरला रबराने बांधायची आणि रात्रभर तशीच ठेवायची. आम्लाने क्षार विरघळतो. हा उपाय खरोखर चांगला आहे आणि बहुतेक वेळा एवढ्यावर भागतेही. पण त्यात पाना लागत नाही, म्हणून फिटरचा त्यावर विश्वास नसतो. सकाळी पाणी नीट आले तरी “आता बदलूनच टाकू” असे ठरते.

बदलण्याच्या कामात त्याचे खरे कौशल्य दिसते, हे मान्य करायला हवे. क्रोमवर ओरखडा उठू नये म्हणून तो पान्याच्या जबड्याखाली जुन्या बनियनचा तुकडा घेतो. नव्या टेफ्लॉन टेपचे वेढे आट्यांच्या दिशेनेच देतो. उलटे दिले तर घट्ट करताना टेप सुटते, हे तो शेजारच्या मुलाला बोलावून दाखवतो. टेपला तो मनातून कमीच लेखतो. दोरा आणि सफेदा ही खरी विद्या. बॅटरी धरायला एक माणूस लागतो. तो घरातलाच असतो आणि त्याला ती कधीच नीट धरता येत नाही.

चूक होते ती जोरात. लोखंडी जॉबची सवय असलेला हात “अजून पाव आटा” म्हणतो आणि शॉवरबरोबर भिंतीतली दांडीही फिरते. दांडी दुसऱ्या पान्याने धरून ठेवायची, हा नियम त्याने कारखान्यात कित्येक शिकाऊ पोरांकडून पाठ करून घेतलेला असतो. आतला जोड ढिला होतो, टाइलच्या कडेने थेंब सुटतो. तो घामाचा ओलावा असल्याचे जाहीर होते. भिंतीला घाम का आला, हे कुणी विचारत नाही.

यानंतर फिटर जुना वायसर बदलायला नवा आणण्यासाठी सांगलीला निघतो. एकाच दुकानात माल पसंत पडणे त्याच्या स्वभावात नसल्याने दुपार सहज जाते. तेवढ्यात घरातून एक फोन होतो. प्लंबर येतो, दांडी काढतो, टेप गुंडाळून पुन्हा बसवतो, पैसे घेऊन जातो. वाटेत भेट झालीच तर दोघेही हवापाण्याचे बोलतात.

घरी परतल्यावर फिटर टाइलवरून बोट फिरवतो. कोरडे. जड पाण्यातला क्षार बसून बारीक गळती कधीकधी आपोआप बंद होते, हे तो घरच्यांना सविस्तर समजावतो. शास्त्रदृष्ट्या ते बरोबर आहे, त्यामुळे कुणी वाद घालत नाही. जुना शॉवर हत्यारांच्या पेटीत, आधीच्या दोघांशेजारी जातो.