पत्रकारांसमोर उंदीर नाचवण्याची सोपी रीत

अभिनंदन! थीम पार्कात नवी राइड सुरू होते आहे, परवा पत्रकार येणार आहेत आणि त्यांच्यासमोर नाचणारे, गाणारे, उंच बांबूंवर चालणारे आणि प्राण्यांची सोंगं घेतलेले असे सगळे कलाकार तुमच्या ताब्यात दिले आहेत. तुम्ही आजवर नाटकं बसवली असतील, तर ती विद्या घरी ठेवून या. नाटकाला पडदा असतो, अंधार असतो आणि प्रेक्षक निदान पहिला अंक तरी गप्प बसतात. इथे यातलं काहीच मिळणार नाही. खालच्या पायऱ्या क्रमाने पाळा.

पायरी १ : आधी इतिहास वाचा. त्याने धीर येतो. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम इथे डिस्नीलँड पहिल्यांदा पत्रकारांना आणि निमंत्रितांना दाखवलं गेलं. एबीसी वाहिनीवर थेट प्रक्षेपण होतं आणि निवेदकांत पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगनही होते. बनावट निमंत्रणपत्रिकांमुळे गर्दी आवाक्याबाहेर गेली. ताज्या डांबरात बायकांच्या टाचा रुतल्या. प्लंबरांच्या संपामुळे पिण्याचे नळ किंवा स्वच्छतागृहं यांपैकी एकच काम वेळेत होणार होतं. वॉल्ट डिस्नींनी स्वच्छतागृहं निवडली आणि लोक रणरणत्या उन्हात तहानेले फिरले. टुमॉरोलँड या विभागाचं अर्पणपत्र वाचताना, कुणीतरी इशारा केला असं वाटून, डिस्नी मध्येच थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले. हे सगळं देशभर दिसलं. तात्पर्य : मालक बोलत असताना कॅमेऱ्यामागे उभं राहून माश्या हाकलू नका.

पायरी २ : सोंगाची शिस्त पाळा. त्या दिवशीचे मिकी माउसचे पोशाख ‘आइस कपेड्स’ या बर्फावरच्या नृत्यसंचाकडून उसने आणले होते. तुम्ही स्वतःचे शिवून घ्या. बाकीचे नियम साधे आहेत. पूर्ण मुखवट्यातलं पात्र बोलत नाही. लोकांसमोर डोकं काढत नाही. एकाच जागी दोन मिकी दिसत नाहीत. आतल्या माणसाला बाहेरचं दिसतं ते बऱ्याचदा पात्राच्या तोंडातल्या जाळीतून. त्यामुळे त्याला कॅमेरा नीट दिसू लागला, की उंदराची नजर आभाळाकडे लागते. लांबून ‘जरा खाली बघ!’ असं ओरडू नका. शेजारच्या मदतनिसाला कोपराला हात लावून वळवू द्या.

पायरी ३ : वेळापत्रक छापा आणि विसरा. फीत दहाला कापायची असेल, तर ती दहाला कापली जाणार नाही. केसाळ पोशाखात उन्हात फार वेळ उभं राहता येत नाही, म्हणून दोन पाळ्या ठेवा. प्रमुख पाहुणे गाडीतून उतरल्याशिवाय कुणालाही डोकं चढवायला सांगू नका. पाहुण्यांचं डोकं आधीच चढलेलं असेल, तर त्यावर दिग्दर्शकाकडे उपाय नाही.

पायरी ४ : कल्पना सुचत नसेल, तर माणसं वाढवा. ऑक्टोबर १९७१ मध्ये फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्नी वर्ल्डच्या अर्पणसोहळ्यात संगीतकार मेरेडिथ विल्सन यांनी १,०७६ वादकांचा बँड चालवला. एवढ्या जणांत एखादा बेसूर गेला तरी त्याचं नाव कळत नाही. मात्र छायाचित्रकाराच्या चौकटीत मोजकीच माणसं मावतात. ती हसरी निवडा आणि पार्कच्या पाटीखाली उभी करा. उरलेली मालकाला खर्च दिसावा म्हणून.

पायरी ५ : राइड बंद पडेल. ‘पडली तर’ असं लिहू नका. ७ जून १९९० रोजी युनिव्हर्सल स्टुडिओज फ्लोरिडा सुरू झालं, तेव्हा किंग काँग, भूकंप आणि जॉज या मुख्य राइडच नीट चालेनात. भरपाई म्हणून लोकांना पुन्हा येण्याची तिकिटं द्यावी लागली. म्हणून तंत्रज्ञ ‘पाचच मिनिटं’ म्हणाला, की अर्ध्या तासाचा नाच बाहेर काढा. एक सॅक्सोफोनवाला, एक चेंडू झेलणारा आणि विजेशिवाय चालणारी दोन गाणी कायम हाताशी ठेवा.

पायरी ६ : पत्रकारांना सांभाळा. कुणी पात्राला प्रश्न विचारला, तर पात्राने गालावर हात ठेवून लाजायचं. तिकिटाच्या दराचा प्रश्न आला, की बँडला खूण करायची. कन्फेटी मात्र मुलाखती संपल्यावरच उडवा. कागदाचा तुकडा ओठाला चिकटलेला असताना अध्यक्षांना गुंतवणुकीबद्दल बोलता येत नाही.

एवढं पाळलंत, तर कार्यक्रम पार पडेल आणि श्रेय राइडला मिळेल. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत मात्र यंत्राच्या पुढ्यात नाचणारी माणसंच दिसतील, कारण यंत्र अडलं तेव्हा चालू होती ती तीच. तेव्हा नव्या दिग्दर्शका, अंदाजपत्रकात कन्फेटीच्या आधी पाणी, सावली आणि बसायला खुर्च्या लिही, आणि ताटकळत उभं राहण्याचा वेळही मानधनात धर.