आधी पट्टा बांधा: नवशिक्या ऑक्युपेशनल थेरपिस्टांसाठी

अभिनंदन! तुमच्या विभागाला देणगीतून गेमिंग कन्सोल मिळाला आहे. आजवर पेगबोर्ड, शंकू आणि थेरपी पुट्टी यांच्यावर भागत होतं. आता भिंतीवर मोठा टीव्ही आला. नारळ फुटेल, देणगीदार टेनिसचा एक फटका मारतील, फोटो निघेल. हे सगळं होऊ द्या. त्याशिवाय पेशंटची पाळी येत नाही.

सुरुवात रिमोटचा पट्टा मनगटाला बांधण्यापासून करा. निन्टेन्डोचा वी २००६च्या नोव्हेंबरात बाजारात आला आणि डिसेंबरातच कंपनीने लाखो पट्टे बदलून द्यायची तयारी दाखवली, कारण जोरात हात फिरवला की पट्टा तुटून रिमोट टीव्हीवर आदळत होता. ती माणसं धडधाकट होती. तुमच्या पेशंटची पकड लकव्यानंतर अजून यायची आहे, तेव्हा रिमोट तळहाताला वेल्क्रोने बांधा. आकडी येते का, हेही आधी विचारा. लुकलुकत्या पडद्याने काहींना येते. मागे आधाराला एक माणूस उभा करा. तो पेशंटकडे बघणारा हवा. असा माणूस मिळणं अवघड आहे, कारण सगळे स्कोअर बघत असतात.

आता तुम्ही टीव्हीकडे पाठ करा. बाकी काही जमलं नाही तरी एवढं जमवाच. रिमोट हलला एवढंच यंत्राला कळतं. तो खांद्यातून हलला की मनगटाच्या नुसत्या झटक्याने, याची त्याला फिकीर नाही. सोफ्यावर रेलून मनगट झटकलं तरी फोरहँड लागतो, हे कुठलेही चतुर काका पहिल्याच दिवशी शोधून काढतात. तुम्हाला त्यांचा हात खांद्याच्या वर न्यायचा आहे. काकांना मॅच जिंकायची आहे. ते खांदा कानापर्यंत उचलतील, कंबरेतून झुकतील, चांगला हात गुपचूप मदतीला आणतील. पडद्यावर टाळ्या पडतील. तुम्ही वाजवू नका. सोफा काढून सरळ पाठीची खुर्ची द्या, रिमोट दोन्ही हातांत धरायला लावा, डाव्या बाजूचं भान सुटलेलं असेल तर टीव्हीच थोडा डावीकडे सरकवा. काका हरू लागले आणि तुमच्यावर चिडले, की थेरपी सुरू झाली असं समजावं.

वी फिटच्या बॅलन्स बोर्डावर कुणालाही एकदम उभं करू नका. तो तोल तपासतो हे खरं, पण त्याआधी वजन घेतो, माणसाला लठ्ठ ठरवतो आणि शरीराचं वय जाहीर करतो. एवढ्यासाठी दवाखान्यात यायची गरज नाही, हे काम घरचे फुकट करतात. यंत्रावर फार जीवही लावू नका. मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट २०१० साली आला तेव्हा रिमोटच नको म्हणून थेरपिस्ट खूश झाले होते. २०१७ साली त्याचं उत्पादन बंद झालं.

कन्सोल मिळालाच नसेल तर खट्टू होऊ नका. पक्षाघात होऊन तीन महिने उलटले नव्हते अशा १४१ रुग्णांवरची एक चाचणी २०१६ साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त छापून आली. नेहमीचे उपचार सगळ्यांनाच होते. शिवाय दोन आठवडे एक गट वी खेळला आणि दुसरा पत्ते, बिंगो, जेंगा असलं काहीबाही. हात दोन्ही गटांचे सुधारले. वीवाले पुढे गेले नाहीत. खरेदीच्या प्रस्तावाला हा निबंध जोडू नये. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकरांनी १९५० साली ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं, तेव्हाही हाताला काम देऊनच हात सुधारायचा होता. कॅट पिसणं हे काही कमी काम नाही.

मोबाइलचा कॅमेरा मात्र सोडू नका. स्वमग्न मुलाला दात घासायला शिकवताना सगळं चित्रित करा, मग तुमचा मदतीचा हात आणि ‘आता चूळ भर’ हा आवाज कापून टाका. मुलाला दिसतं ते एवढंच, की आपण हे सगळं एकट्याने केलं. याला व्हिडिओ सेल्फ-मॉडेलिंग म्हणतात. यात थोडी लबाडी आहे, पण ती त्याच्या बाजूची आहे.

त्याहून मजा पेशंटने स्वतः व्हिडिओ काढण्यात. ‘हात दहा वेळा वर करा’ म्हटलं की आजी दोनदा करतात आणि नातवंडांची चौकशी सुरू करतात. चिवड्याचा व्हिडिओ करायचा म्हटलं, की त्याच आजी फळीवरचा डबा स्वतः काढतात, आणि नीट दिसला नाही म्हणून पुन्हा ठेवून पुन्हा काढतात. फोन स्टँडवर बसवायचा, साहित्य क्रमाने मांडायचं, मोहरी तडतडल्यावर काय घालायचं ते आठवायचं, बरणीचं झाकण दुबळ्या हाताने धरून दुसऱ्याने फिरवायचं, आणि हे करता करता बोलायचं! मधेच त्या साडी बदलून येते म्हणाल्या तर अडवू नका. कपडे बदलणं तुमच्या उद्दिष्टांच्या यादीत तसंही आहेच. व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकण्याआधी मात्र त्यांना विचारा. तुम्हाला हाताची प्रगती दिसते, त्यांना तिरकं झालेलं तोंड दिसतं.

घरचा कार्यक्रम लेखी द्या, कारण घरी कन्सोल नातवाच्या ताब्यात असतो. दोन डाव आजोबांचे, मग एक त्याचा, असं स्पष्ट लिहा आणि खाली सहीशिक्का मारा. आजोबांना मुद्दाम जिंकू देऊ नकोस, हे त्याला सांगावं लागत नाही.