भुजंगनाथ हरिपुरात

जुलै महिन्यात सांगलीत दोन माणसं भेटली की खुशाली विचारत नाहीत. "किती फूट?" एवढंच विचारतात. समोरचा "अठ्ठावीस" म्हणाला तर चहा सांगितला जातो. "अडतीस" म्हणाला तर माणूस चहा न घेताच घरी जातो आणि तळमजल्यावरचा फ्रिज माडीवर कसा न्यायचा याचा विचार करू लागतो. हे फूट कृष्णेच्या पाण्याचे आणि ते मोजायचे आयर्विन पुलापाशी. 1929 साली व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते पुलाचं उद्घाटन झालं. साहेबाचं बाकीचं कर्तृत्व सांगली कधीच विसरली, पण पावसाळ्यात त्याचं नाव इथे रोज घेतलं जातं. पुलापाशी पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 वर धोका. 2019 च्या ऑगस्टात ते 57 फुटांच्याही वर गेलं होतं.

प्रस्तुत प्रवासी सांगलीच्या स्टेशनावर उतरला तेव्हा आकडा तिशीच्या आत होता, त्यामुळे शहर खुशीत होतं. प्रवासी स्वतः तितकासा खुशीत नव्हता. तो लेखक आहे. निदान त्याच्या लेटरहेडवर तसं छापलेलं आहे. एका वाचनालयाने त्याला "कृष्णाकाठची जुनी नाटकं" या विषयावर बोलायला बोलावलं होतं. स्टेशनावर कुणीतरी आपल्याला ओळखेल या भरवशावर तो फलाटावर जरा जास्तच रेंगाळला. ओळखलं ते एका हमालाने, आणि तेही "ओ काका, जरा बाजूला व्हा की" एवढ्यापुरतं.

न्यायला बायकोच्या बहिणीचा मुलगा आला होता, दुचाकी घेऊन. सांगलीची पोरं दुचाकी चालवतात तेव्हा मागे बसणाऱ्याचं वय विचारात घेत नाहीत. वाटेत गणपती मंदिर झालं: काळा दगड, स्वच्छ आवार, उत्तम. ते बांधणारे चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन 1801 च्या सुमारास मिरजेच्या घराण्यातून वेगळे निघाले आणि त्यांनी सांगलीला राजधानी केली. त्यांच्याच आश्रयाने 1843 साली विष्णुदास भाव्यांनी इथे 'सीतास्वयंवर' उभं केलं. 5 नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन त्यावरूनच आला. हे सगळं व्याख्यानात येणारच होतं, म्हणून प्रवाशाने भाच्यावर रंगीत तालीम सुरू केली. भाच्याने हेल्मेट घातलं.

आता हळद. सांगलीला जातोय म्हटल्यावर प्रवाशाच्या सोसायटीतल्या प्रत्येक घराने हळद सांगितली होती. साहित्याविषयी कुणीच काही सांगितलं नव्हतं. गणपती पेठेतल्या एका दुकानात व्यापाऱ्याने हळकुंड काडकन मोडून आतला केशरी रंग दाखवला. शेतातून निघालेले ओले कंद आधी उकळतात, मग दिवसेंदिवस वाळवतात, मग ड्रममध्ये घालून घुसळून पॉलिश करतात. तेव्हा कुठे ते हळकुंड. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, हेही व्यापाऱ्याने ऐकवलं. प्रवाशाला एवढी माहिती नको होती, पण मोडलेल्या हळकुंडाचा वास इतका छान होता की तो ऐकत राहिला. घरोघरची मागणी मात्र दळलेल्या हळदीची. दुकानदाराने पाच किलो हळद एका पांढऱ्या पिशवीत भरली, तोंड शिवलं आणि "काळजी नको साहेब" म्हणाला. आयुष्यात ज्यांनी ज्यांनी प्रवाशाला "काळजी नको" म्हटलं आहे, त्या सगळ्यांची यादी एकदा करायला हवी.

पिशवी मांडीवर, म्हणजे प्रवाशाचं पोट आणि भाच्याची पाठ यांच्यामध्ये. पोट मोठं असल्याने जागा कमी होती. असे ते दोघे हरिपूरच्या रस्त्याला लागले. हरिपूर म्हणजे सांगलीला लागूनच कृष्णा आणि वारणेच्या संगमावर वसलेलं गाव, संगमेश्वराचं देऊळ आणि नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचं जन्मस्थान. व्याख्यानात "नुकताच मी देवलांच्या गावी जाऊन आलो" असं एक वाक्य टाकायचं, एवढाच प्रवाशाचा तिथे जाण्याचा हेतू.

गतिरोधक आला. भाच्याला तो दिसला नाही, किंवा दिसूनही त्याला त्याचं काही वाटलं नाही. दुचाकी उडाली, प्रवासी उडाला, खाली आला आणि त्या दोघांच्या मधल्या पिशवीची शिवण फाटली. पुढे काही क्षण जगात पिवळ्याशिवाय दुसरं काही नव्हतं. भाच्याचं हेल्मेट कामी आलं. प्रवाशाच्या डोक्यावर ना हेल्मेट ना केस, तेव्हा हळदीला सगळीकडे मोकळं रान मिळालं. तो शिंकला, त्यामुळे उरलेलीही उडाली. आणि मग, आषाढच तो, सर आली.

कोरडी हळद झटकता येते. ओली हळद कातडीत मुरते. पाऊस थांबला तेव्हा दुचाकीवरून उतरलेला साठी उलटलेला गृहस्थ टाळूपासून चपलांपर्यंत झळझळीत, एकसारखा पिवळा झालेला होता.

लेखक म्हणून न मिळालेली ओळख आता भरभरून मिळू लागली. "नवरदेव एकलाच? वऱ्हाड मागनं येतंय व्हय?" देवळाकडे निघालेल्या एका आजींनी विचारलं. शाळेतून सुटलेली पोरं घोळका करून मागे आली. "काका, वर बघा की!" म्हणून त्यांनी मोबाइल वर केले. प्रवासी चिडला. चिडल्यावर माणूस लाल होतो म्हणतात, इथे तेवढीही सोय नव्हती.

देवळाच्या पायऱ्यांवर बसलेल्या धोतर-टोपीतल्या एका म्हाताऱ्याने मात्र शांतपणे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हात जोडले. "या भुजंगनाथ!"

देवलांच्या गावात, देवलांच्याच नाटकातलं पात्र. 'संगीत शारदा' 1899 साली रंगभूमीवर आलं. त्यात भुजंगनाथ नावाचा जख्ख म्हातारा पैशाच्या जोरावर कोवळ्या शारदेशी लग्न लावायला निघतो, आणि मुलीचा बाप कांचनभट पैसे मोजून घ्यायला तयार असतो. त्या काळी हे प्रेक्षकांच्या घरातच घडत होतं, म्हणून ते नाटक झोंबलं. मुलीचं वय 14 आणि मुलाचं 18 ठरवणारा कायदा यायला पुढे 30 वर्षं लागली. तो 1929 साली आला, आयर्विनसाहेबाच्याच कारकिर्दीत, पूल झाला त्याच वर्षी. प्रवाशाला हे सगळं म्हाताऱ्याला समजावून सांगायचं होतं. पण म्हाताऱ्याला नाटकातली पदं पाठ होती, आणि त्याने ती सुरू केली. पिवळ्या माणसासमोर कुणी नाट्यगीत म्हणत असेल तर गर्दी जमणारच.

भाच्याने काकांना गर्दीतून काढून एका चहाच्या टपरीकडे नेलं. टपरीवाल्याने नळ दाखवला आणि कपड्याच्या साबणाची वडी दिली. इथून पुढे रसायनशास्त्र सुरू होतं, ज्यात प्रवासी शाळेत असताना कायम काठावर पास व्हायचा. हळदीतला रंग क्षाराशी गाठ पडली की लाल होतो. हळदीत चुना किंवा टाकणखार घालून कुंकू करतात ते त्याच न्यायाने. साबणाचा फेस तोंडाला लागला तसा तो लालभडक झाला. प्रवाशाने घाबरून आणखी जोरात चोळलं, तर मान लाल, हात लाल, टाळू लाल, आणि गळ्यावरून ओघळ.

"आगं आई गं, म्हातारं पडलं की!" कुणीतरी ओरडलं. एकाने बाकडं मोकळं केलं, दुसरा पायाखाली पोतं द्यायला धावला, तिसऱ्याने 108 ला फोन लावलाच होता. "मला काही झालेलं नाही, मी व्याख्याता आहे," असं प्रवासी परोपरीने सांगत होता. डोक्याला मार लागलेली माणसं असंच बोलतात, यावर सगळ्यांचं एकमत झालं. शेवटी टपरीवाल्यालाच काय सुचलं कोण जाणे, त्याने चहासाठी कापलेलं लिंबू प्रवाशाच्या कपाळावर पिळलं. आंबट लागताच लाल गेला आणि मूळचा पिवळा परत आला. गर्दीने टाळ्या वाजवल्या. एवढ्या टाळ्या प्रवाशाला त्याच्या कुठल्याच व्याख्यानात मिळालेल्या नाहीत.

याच वेळी घरून व्हिडिओ कॉल आला. सौभाग्यवतींनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि विचारलं, "किती उरलीय?"

गर्दी पांगली तरी एक माणूस तिथेच उभा होता. वाळलेला, काटक, हातात पिशवी. त्याने प्रवाशाची फाटकी पिशवी उचलून तळाशी राहिलेली हळद हलवून बघितली. "राजापुरी हाय," म्हणाला. मग प्रवाशाच्या सदऱ्याच्या बाहीवरची थोडी ओली हळद त्याने अंगठ्याला घेतली आणि स्वतःच्या कपाळाला लावली. "लक्ष्मी हाय वो. सांडली तरी."

तो तरुणपणी पेवात उतरायचा. हरिपूरच्या जमिनीत पूर्वी हळद साठवायची शेकड्यांनी पेवं होती. माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आणि आत पोट रुंद होत गेलेली, तीन-चार पुरुष खोल. भिंतींना माती-शेणाचा लेप, तळाशी पाला, वर हळकुंडं, आणि तोंड बंद. इथली माती पाणी आत झिरपू देत नाही. हवा नाही, ओल नाही, कीड नाही. वर्षानुवर्षं हळद जशीच्या तशी राहायची. व्यापारी बाहेरगावी, माल हरिपूरच्या पोटात, आणि भाव चढेपर्यंत कुणाला घाई नाही. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. हवा खेळू द्यायची, कंदील सोडून बघायचा. कंदील विझला तर माणूसही विझेल.

"मग?" प्रवाशाने विचारलं.

"मग 2005."

त्या पुरात पाणी पेवांच्या तोंडातून आत शिरलं. वरून झिरपू न देणाऱ्या मातीने आत शिरलेलं पाणीही बाहेर जाऊ दिलं नाही. हळद कुजली, कित्येक पेवं आत ढासळली. माल पुढे गोदामांत आणि शीतगृहांत गेला. मग 2019 आलं, 2021 आलं. तो माणूस हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता. पेवाच्या आत उन्हाळ्यातही किती गार वाटायचं ते सांगताना तो हसत होता. प्रवाशाला त्याला काहीतरी द्यावंसं वाटलं. देण्यासारखं त्याच्यापाशी पिशवीच्या तळाची हळद होती. ती त्याने दिली. त्या माणसाने ती नको म्हटली, आणि मग घेतली.

परतताना शहरात दत्तनगर आणि सूर्यवंशी प्लॉट लागला. नदी चढली की पाणी आधी इथे येतं, हे सांगलीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर निळी पूररेषा असते आणि लाल पूररेषा असते. निळीच्या आत बांधू नये असं लिहिलेलं असतं, आणि आत पाहावं तर घरं, दुकानं, मंगल कार्यालयं. नाले बुजवायचे, त्यावर प्लॉट पाडायचे, आणि पूर आला की कोयना किती सोडते आणि कर्नाटकातल्या अलमट्टीची पाणीपातळी किती यावर भांडायचं. भांडण खोटं नाही, पण बुजवलेला नाला अलमट्टीने बुजवलेला नाही. पिवळ्या माणसाने इतकं रागावून बोलावं हे भाच्याला बरं वाटलं नसावं. तो म्हणाला, "काका, भडंग घेऊया का?" घेतलं. सांगलीचं भडंग रागावर चालतं.

घरी भाच्याच्या आजीने पाहताक्षणी निदान केलं: साबण नको, तेल लावा. हळदीचा रंग पाण्यात विरत नाही, तेलात विरतो. तिने परातीत तेल घेऊन अंगाला चोळायला बसवलं. रंग थोडा सुटला हे खरं, पण पाटावर बसलेला पिवळा पुरुष, अंगाला तेल-हळद आणि भोवती चार बायका, हे दृश्य बघून शेजारच्या काकू ताट वाजवत आल्या आणि थेट ओव्या म्हणू लागल्या. उन्हात बसलं तर रंग उडतो, असंही आजी म्हणाली. ऊन सांगलीत त्या आठवड्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलं. हरिपूरचे फोटो रात्रभरात सगळीकडे पोचले होते. स्वागताला गंध लावायला आलेली मुलगी कपाळावर दिसेल अशी जागा शोधत राहिली आणि शेवटी तिने नुसता नमस्कार केला. शाल, श्रीफळ, हार झाले. उणीव मुंडावळ्यांची होती. प्रवासी भाव्यांवर बोलला, देवलांवर बोलला, सांगलीतच जन्मलेल्या खाडिलकरांवर बोलला, आणि खरं सांगायचं तर बरा बोलला. पहिल्या रांगेत हरिपूरचा तो नाट्यगीतवाला म्हातारा बसला होता. शेवटी "कुणाला काही विचारायचं असल्यास" असं म्हटल्यावर हात वर झाला तो मागच्या रांगेतून: "हळद कुठल्या दुकानातनं घेतली, आणि किलोला काय लावलं?"

दुकानाचं नाव इथे देत नाही. सांगलीहून हळद आणणाऱ्यांनी अख्खी हळकुंडं आणावीत आणि आपल्या गावच्या डंकावर कुटून घ्यावीत. अंगावर सांडलीच तर साबणाला शिवू नये. आणि हरिपुरात एखादं पेव अजून शाबूत असेल, कुणी ते दाखवायला तयार असेल, तर मंदिर नंतर बघा आणि आधी तिथे जा. मंदिर कुठे जात नाही. पेवं मात्र आता फारशी उरलेली नाहीत.